जेवणाच्या सुट्टीत जन्मलेली जांभळी

मी एक जुनी काचेची फुलदाणी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे बावन्न वर्षांची. माणसांत बावन्न म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून उठायचं वय, पण काचेत तसं नाही. काचेत बावन्न म्हणजे अजून दुधाचे दात. कुणी पाडलं नाही तर हजार वर्षं सहज काढीन मी. तेव्हा मी धापा टाकत, मध्येच मागे जात, घाईघाईत सांगितलं तर सांभाळून घ्या. सांगायचं खूप आहे आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

माझा जन्म इंग्लंडातल्या वर्डस्ली गावचा, कालव्याकाठच्या काचकारखान्यातला. साल १९६७, जून महिना, दुपारी साडेबारा ते एकच्या मधली वेळ. इतकं पक्कं कसं माहीत? कारण ती जेवणाची सुट्टी होती. आणि मी जेवणाच्या सुट्टीत जन्मले नसते तर ही सगळी गोष्ट घडलीच नसती.

त्या वर्षी आमच्या कारखान्यात एक नवा नक्षीकार आला होता. त्याला कालव्यातल्या होड्यांचे दोरखंड भारी आवडायचे. त्याने एक कुजका दोरखंड उचलून आणला, त्याची वेटोळी केली आणि त्यावरून लोखंडी साचा ओतून घेतला. त्या साच्यात काच फुंकली की फुलदाणीच्या अंगभर दोरीचे पीळ उमटायचे, अगदी सुटलेल्या धाग्यांसकट. लोक वेडे झाले. गावात घरटी एक तरी दोरीची फुलदाणी दिसायला लागली. रंग चार: जर्दाळू, शेवाळी, माणिक आणि, काही वर्षांनी आला तो, राखी निळा.

मी या चारांतली नाही. माझी काच वेगळी होती. मालकांनी कुठूनशी एक महागडी पूड मागवून एकच भांडंभर काच वितळवून बघितली होती. ती काच उन्हात फिकी जांभळी दिसायची, कुंपणावर लायलॅक फुलतं ना, तशी. पण कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली नेली की तीच काच राखी निळी. मॅनेजर एक तुकडा हातात घेऊन दारातून आत-बाहेर करून दमला. "गिऱ्हाईक दुकानातून निळी नेणार, घरी जाऊन ती जांभळी निघणार, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून माझ्या डोक्यावर आपटणार," तो म्हणाला. "बंद करा हे थेर." झालं, रंग बंद. भांड्याच्या तळाशी थोडी काच उरली.

आता आमच्या कारखान्याचा रिवाज असा होता की तळाशी उरलेली काच जेवणाच्या सुट्टीत कारागिराची. त्या अर्ध्या तासात त्याने स्वतःसाठी काय वाटेल ते करावं. कुणी काचेची काठी करायचं, कुणी डुक्कर, कुणी टोपी. माझा बाप जोसाया टिमिन्स. चार माणसांच्या टोळीला तिथे खुर्ची म्हणायचे, आणि त्या टोळीत खरोखर खुर्चीत बसणारा एकच, मुख्य कारागीर, तो जोसाया. त्याने आपला चीज-कांद्याचा पाव बाजूला ठेवला आणि पोकळ नळी भट्टीत घातली.

"जो, जेव की," त्याचा दोस्त एझ्रा ओरडला. "काच काय पळून जाणार आहे?"

"पळणार नाही. गार होईल. तुझ्या बायकोच्या रश्शासारखी."

आणि त्याने मला फुंकलं, मित्रांनो. कांद्याचा वास येत होता त्याच्या श्वासाला. साचा मिटला, उघडला, आणि माझ्या अंगावर दोरीचा पीळ न् पीळ उमटला, कारण साचा तेव्हा नवा कोरा होता. मग माझ्या बुडात त्याने एका खिळ्याने हलकासा टोचा मारला, त्यावर काचेचा एक थेंब चढवला, आणि आत हवेचा एक मोती कायमचा अडकला. फुंकताना काच ज्या सळईवर धरतात तिचा व्रण बुडाला होता. तो घासून गुळगुळीत करतात, पण तेवढ्यात भोंगा वाजला. राहिलं.

निवायच्या भट्टीतून बाहेर आल्यावर जोसायाने मला सदऱ्यात गुंडाळून घरी नेलं. घरी पिवळे बल्ब. पिवळ्या उजेडात मी जांभळी.

"कारखान्यात ही निळी असते," तो बायकोला, आयव्हीला म्हणाला. "घरी आली की जांभळी. माझ्यासारखीच. कामावरचा जो वेगळा, घरचा जो वेगळा."

"घरचा जो झोपलेलाच असतो," आयव्ही म्हणाली.

"बेव्हला सांगू नकोस हं. तिचं तिला कळू दे. ज्या दिवशी कळेल ना, त्या दिवशी बघ कशी हसत सुटते ती."

बेव्ह म्हणजे बेव्हर्ली, त्यांची मुलगी. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी तिच्यासाठी होते. तिने मला आपल्या खिडकीत ठेवलं, आणि खिडकी होती पूर्वेची. रोज सकाळी ऊन माझ्यातून जायचं आणि तिच्या पांघरुणावर जांभळा डाग पडायचा. ती त्या डागावर हात ठेवायची. मला वाटायचं, ती माझाच हात धरते आहे.

एकदा फुलं घालून आणताना तिने मला नळावर आपटलं. काठाचा कपचा उडाला. ती इतकी रडली की तिच्या मोठ्या भावाने, क्लाइव्हने, स्वतःची गोटी तिला दिली, जिला तो कुणाला हात लावू देत नसे ती. जोसाया मला कारखान्यात घेऊन गेला आणि तुटलेला काठ चाकावर घासून तिथे एक गुळगुळीत खोलगा करून आणला.

"हे बघ पोरी, तुझ्या अंगठ्याला जागा केली," तो म्हणाला. आणि तिचा अंगठा तिथे बरोब्बर बसला.

इतकं सुख होतं, मित्रांनो, आणि मला ते सुख आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

जोसाया १९७४ साली गेला. छातीच्या दुखण्याने. बेव्ह तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिला अजून माझं गुपित कळलं नव्हतं. कळणार कसं? तिच्या खोलीत ऊन आणि बल्ब, दुसरा उजेडच नाही. पुढे तिचं लग्न झालं, ती कॉव्हेंट्रीला राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "मोठ्या खिडकीचं घर घेतलं की नेते तुला." मी वाट बघत बसले. ऊन यायचं, डाग पडायचा. पांघरूण रिकामं.

मग आयव्हीचे गुडघे गेले. जिना चढवेना, म्हणून तिने पलंग खाली आणवला आणि मलाही खाली आणलं, स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या फळीवर. तिथे आधीच दोन निळ्या फुलदाण्या होत्या, कारखान्यातून आणलेल्या साध्या, चौथ्या रंगाच्या. आणि त्या स्वयंपाकघरात आयव्हीने हौसेने ट्यूबलाइट लावून घेतली होती. पहिल्या दिवशी तिने बटण दाबलं, मी निळी झाले, आणि आयव्ही स्टुलावर खाली बसली. बंद केलं, खिडकीच्या उजेडात मी जांभळी. परत लावलं. परत बंद केलं. मग म्हणाली, "आलास का रे कामावरून?"

त्यानंतर रोज म्हणायची. बटण बंद करायची आणि म्हणायची.

नाताळात बेव्ह आली तेव्हा दिवस चार वाजता मावळलेला, ट्यूब सतत चालू. आयव्ही तिला म्हणाली, "बेव्ह, त्या फळीकडे बघ जरा."

"बघितलं आई. पुसते नंतर."

आयव्ही हसली. वचन दिलं होतं ना नवऱ्याला. म्हणाली असेल मनात, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही. जानेवारीत आयव्ही गेली.

आता मित्रांनो, इथे नीट ऐका.

घर भाड्याचं, नगरपालिकेचं. सोमवारी किल्ल्या परत द्यायच्या होत्या. शनिवारी सकाळी क्लाइव्ह आधी आला. कारखाना बंद पडल्यापासून तो बेकार होता. कुणाची तरी व्हॅन मागून आणून त्याने वरच्या खोल्यांतलं मोठं सामान हलवलं. दुपारी बेव्ह आली. गॅस तोडलेला, घर बर्फासारखं, तिच्या हातात लोकरीचे मोजे. ती थेट वर गेली, आणि खाली आली ती पांढरीफटक.

"माझी जांभळी कुठाय?"

"कुठली?" क्लाइव्ह म्हणाला.

"खिडकीतली. बाबांनी केलेली."

"मला काय माहीत. मी कपाट नेलं आणि पलंग नेला. खिडकीत काही नव्हतं."

"काही नव्हतं? सोळा-सतरा वर्षं तिथे होती ती."

"आईने हलवली असेल."

"आईला जिना चढता येत नव्हता, क्लाइव्ह."

उतरताना तर एकदा उतरलीच होती ना आयव्ही, मला छातीशी धरून, बसत बसत, एकेक पायरी. पण ते कोण सांगणार? बोलता बोलता बेव्ह फळीवरच्या वस्तू खोक्यात भरत होती. चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीला द्यायचं खोकं. चहाच्या किटल्या, बशा, मग पहिली निळी फुलदाणी. मग दुसरी. डोक्यावर ट्यूब भणभणत होती.

"कितीला विकलीस?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का?"

"कितीला विकलीस सांग. परत घेऊन येते मी."

आणि हे विचारताना तिने मला हातात धरलं होतं. मला. माझा काठ तिच्या अंगठ्याखाली होता, पण मध्ये लोकर होती. डोळ्यांत पाणी होतं. तिला दिसली ती तिसरी निळी, गावात घरोघरी असते तसली. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हणाली, "दारू पिऊन टाकलीस ना तिची? बाबांच्या हातची वस्तू पिऊन टाकलीस."

क्लाइव्ह वळला. टोपी घेतली आणि गेला. दार आपटलंसुद्धा नाही त्याने. कागदाच्या आतून मला फक्त ट्यूबचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. त्याच क्षणी मी जांभळी झाले असणार, अंधारात, कागदात. बघायला कुणी नव्हतं.

चर्चमधून मला एका दाताच्या डॉक्टरच्या बाईंनी नेलं. दवाखाना तळघरात, खिडकी एकच आणि तीही भिंतीकडे उघडणारी. माझ्यात प्लॅस्टिकची पिवळी फुलं. एकतीस वर्षं, मित्रांनो. एकतीस वर्षं वर ट्यूब आणि समोर गाल धरून बसलेली माणसं. सकाळी बटण चालू, संध्याकाळी बटण बंद. मी इतकी वर्षं निळी राहिले की मला स्वतःलाच शंका यायला लागली. ऊन खरंच असतं का? तो पांघरुणावरचा डाग खरा होता का? की मीही त्या दोघींसारखी, चौथ्या रंगाची, आणि बाकीचं मी नुसतं मनात रचलेलं? एकच गोष्ट खोटी वाटायची नाही. बुडातला तो हवेचा मोती. तो होताच.

डॉक्टर निवृत्त झाले, सामान निघालं. नोव्हेंबरात, उजाडायच्या आधी, एका मैदानावर गाड्यांच्या डिक्या उघडून विक्री चालते, तिथे जाणकार लोक बॅटऱ्या घेऊन हिंडतात आणि सूर्य उगवायच्या आत चांगला माल उचलतात. तिथे जसपालने मला उचललं.

जसपाल शेजारच्या डडली गावचा, बस चालवायचा, पगडी नेहमी काचेच्या रंगाशी जुळणारी. सुट्टीच्या दिवशी जुनी काच विकत घ्यायची, तिचं साल ठरवायचं आणि मेळ्यात टेबल लावायचं, हा त्याचा जीव. त्याच्या गॅरेजात फळ्याच फळ्या, आणि वर दोन लांब ट्यूब. त्याने मला पालथं केलं, भिंग लावलं आणि स्वतःशीच बोलायला लागला.

"बूड घासलेलं नाही. म्हणजे दुय्यम माल. काठ घासलेला, म्हणजे दुरुस्ती. रंग राखी निळा, म्हणजे बहात्तर किंवा नंतरची." मग त्याने अंगठा माझ्या पिळांवरून फिरवला आणि थांबला. "पीळ मात्र धारदार आहेत. अरे, धागासुद्धा लागतोय हाताला."

मी श्वास रोखला, म्हणजे माझ्याजवळ जो काही आहे तो. कारण साचा वापरून वापरून झिजतो, पीळ बोथट होत जातात. धारदार पीळ म्हणजे सदुसष्ट. आणि सदुसष्टमध्ये निळा रंग नव्हताच. जसपालचा अंगठा बरोबर सांगत होता.

पण त्याने ट्यूबखाली माझ्याकडे परत बघितलं आणि डोळ्यांचं ऐकलं. "बहात्तरला नवीन साचा केला असेल," म्हणाला, आणि चिठ्ठी चिकटवली: राखी निळी, १९७२, दुय्यम.

आणि मग, पहिल्याच मेळ्यात, क्रीडा केंद्राच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, वीस ट्यूबांखाली, दारातून ती आत आली.

केस पांढरे. कॉव्हेंट्री सोडून ती कधीच परत इकडे राहायला आली होती, हे मला मागाहून कळलं. एका खांद्याने कललेली चाल. पण मी ओळखलं. माझ्या अंगात काय झालं ते कसं सांगू, मित्रांनो. मला कुणी बोटाने टिचकी मारली असती तर मी गाणं म्हटलं असतं.

"आली जांभळीवाली," शेजारच्या टेबलावरचा माणूस पुटपुटला.

"या बेव्ह," जसपाल म्हणाला. "आधीच सांगतो, नाहीये."

"मी विचारलं का?"

"तुम्ही बारा वर्षं विचारताय. या आकारात चार रंग, जर्दाळू, शेवाळी, माणिक, निळा. जांभळा पुस्तकात नाही. लहानपणी सगळं जांभळंच दिसतं माणसाला."

"मी नऊ वर्षांची होते, बाळा. आंधळी नव्हते."

तिने टेबलावरच्या वस्तूंच्या मागे वाकून बघितलं. मागचं दिसावं म्हणून मला हाताच्या मागल्या बाजूने जरा सरकवलं. आणि गेली. पुढच्या मेळ्यालाही आली, गेली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मी वाट बघायची, दर वेळी ती माझ्यावरून नजर उचलून पुढे न्यायची. घरापासून एक हात लांब असणं हे हजार मैल लांब असण्यापेक्षा वाईट असतं, हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

गेल्या मार्चमध्ये ती उशिरा आली. मेळा उठत आला होता.

"जांभळी नाहीये," जसपालने सवयीने सांगितलं.

"ती नकोच आहे आज. संपलं ते." तिने हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले. "माझा भाऊ कबुतरांच्या माडीवरून पडला. पाय मोडलाय. खाटकाच्या दुकानात कळलं मला, बोल. सख्ख्या भावाचं खाटकाकडून कळतंय."

"तोच का? ज्याने विकली तो?"

"तोच. चौतीस वर्षं बोलले नाही मी त्याच्याशी." तिने पर्स मिटली. "एकसष्ट वर्षांची झाले, जस. एका फुलदाणीपायी भाऊ किती दिवस टाकायचा? जाते आणि सांगते, झालं गेलं, मी माफ केलं. पण रिकाम्या हाताने कशी जाऊ? बाबांच्या साच्यातली एक साधी निळी दे. ही दे."

आणि तिने बोट दाखवलं. माझ्याकडे.

"ही दुय्यम आहे," जसपाल म्हणाला. "काठ घासलाय. चांगली बघून देतो."

"तोही दुय्यमच आहे. चालेल."

जसपालजवळचे कागद संपले होते. बेव्ह म्हणाली असू दे, आणि मला कोटाशी धरून निघाली. दोन्ही हातांनी, बुडाखाली एक, पोटाशी एक. दार आपोआप सरकलं. आणि मार्चमधलं ते ढगांतून फाटून आलेलं ऊन, मित्रांनो, माझ्या अंगात शिरलं.

मी जांभळी झाले. आतून बाहेरून, पीळ न् पीळ. खरं होतं. सगळं खरं होतं.

आणि तिने बघितलंच नाही. ती बस बघत होती. डोळे रस्त्यावर, पर्समध्ये पास शोधतेय, मी तिच्या छातीशी जांभळी पेटलेली आणि ती म्हणतेय, "ही सत्तावीस नंबर कधी वेळेवर येत नाही."

मागून जसपाल धावत आला, तिची छत्री घेऊन. चार पावलांवर तो थबकला.

"बेव्ह. तुमच्या हातात काय आहे?"

"फुलदाणी. आत्ताच तर दिलीस."

"ही मी दिलेली नाही. मी दिली ती निळी होती."

"तुला चष्मा लागलाय बाळा," असं म्हणत तिने खाली बघितलं.

तिने मला जरा फिरवलं, आणि तिचा अंगठा, आता सुरकुतलेला, सांध्याशी सुजलेला, काठावरून सरकत सरकत त्या खोलग्यात गेला. आणि बसला.

जसपालने मला तिच्या हातून अलगद घेतलं आणि दारातून आत गेला. निळी. बाहेर आला. जांभळी. परत आत, परत बाहेर. सरकतं दार वेडं झालं. "सदुसष्ट," तो म्हणत होता, "सदुसष्ट. अंगठ्याला कळलं होतं माझ्या. मी गाढव." तो हसत होता आणि रडतही होता. मला वाटलं, आता बेव्ह हसेल. जोसाया म्हणाला होता ना, कळेल त्या दिवशी हसत सुटेल.

बेव्ह फुटपाथच्या कडेवर खाली बसली.

"आईच्या स्वयंपाकघरात ट्यूब होती," ती म्हणाली. "तीन निळ्या होत्या फळीवर. मी मोजल्या होत्या. तिसरी कधी आली, असं माझ्या मनातसुद्धा आलं होतं." तिने तोंडावर हात धरला. "त्याला चोर म्हणत होते मी, जस. आणि ही माझ्या हातात होती. मी त्याला माफ करायला निघाले होते."

सत्तावीस नंबरची बस आली आणि गेली. जसपाल म्हणाला, "गाडीत बसा. सुट्टी आहे माझी, पण चालवायला येतं मला."

क्लाइव्हचं घर एका उताराच्या गल्लीत आहे. दार उघडायला त्याला फार वेळ लागला. काठी, प्लास्टर, अंगावर कबुतराचं एक पीस.

"कशाला आलीस?" तो म्हणाला.

बेव्हने मला पुढे केलं. दारात ऊन होतं. क्लाइव्ह बघत राहिला.

"मिळाली म्हणजे," तो म्हणाला.

"हरवलीच नव्हती. मीच टाकली. मी माझ्या हाताने खोक्यात भरली, क्लाइव्ह, निळी समजून. तुझ्यासमोर. तुला बोल लावत होते तेव्हा." तिने मला परत छातीशी धरलं. "तू काही बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. नेली नाही म्हणालो होतो. दुसरं काय असतं बोलण्यासारखं?"

मागे माडीवर कबुतरं घुमत होती. क्लाइव्हने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"चौतीस वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"पाय दुखतोय माझा. उभं नको ठेवूस दारात. आत ये."

तिने मला त्याच्या स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवलं. क्लाइव्हने सवयीने बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत निळी झाले. त्याने तोंड उघडलं. बटण बंद केलं. चालू केलं. मग त्याच्या बापाचं ते बोलणं त्याने कधी ऐकलेलं नसताना, कुणी त्याला सांगितलेलं नसताना, तो म्हणाला, "हिला बघ. कामावर गेली."

आणि तेव्हा बेव्ह हसली, मित्रांनो. अशी हसली की तिला टेबल धरावं लागलं. बावन्न वर्षं उशिरा, पण हुबेहूब जोसाया म्हणाला होता तशी.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्यासाठी आणली होती. ठेव."

"तुझी आहे ती. बाबांनी तुला केली."

"ठेव म्हणते ना."

क्लाइव्हने विचार केला. "सहा महिने ठेवतो," तो म्हणाला. "मग घेऊन जा. पुढचे सहा महिने तू ठेव, मग आणून दे." आणि कपात बघत म्हणाला, "न्यायला-आणायला यावं लागेल तुला. त्याला माझा इलाज नाही."

तर तेव्हापासून मी अशी येते-जाते. उन्हाळ्यात क्लाइव्हच्या ट्यूबखाली, हिवाळ्यात बेव्हच्या खिडकीत. जसपालने माझी जुनी चिठ्ठी काढून नवी लावली आहे: जोसाया टिमिन्स, १९६७, जेवणाची सुट्टी, एकमेव. त्याने दोनदा मला विकत मागितलं आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला.

माझं एवढंच मागणं आहे तुमच्याजवळ. एखाद्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवण्याआधी ती एकदा दाराबाहेर उन्हात नेऊन बघा. माणसावर चिकटवण्याआधी तर नक्कीच बघा. आणि हातात मोजे असतील तर काढून बघा.

मी आता सुखात आहे असं तुम्हाला वाटेल, आणि आहेच. पण खरं सांगू? सकाळी ऊन येतं, पांघरुणावर जांभळा डाग पडतो, बेव्ह त्यावर हात ठेवते, आणि तरी मला कुणाची तरी आठवण येते. माझ्या बुडात तो हवेचा मोती आहे ना, त्यात अजून १९६७ सालच्या त्या दुपारची हवा आहे. भट्टीची ऊब, एझ्राचं ओरडणं, थोडासा कांद्याचा वास. बाहेरचं सगळं बदललं, तेवढी अर्ध्या तासाची सुट्टी माझ्यात तशीच राहिली आहे. ज्याने ती ठेवली तो मात्र भोंगा वाजला आणि उठून कामावर गेला, तो अजून घरी यायचा आहे.